एक पळी मोटारीला

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

मुक्काम बोरी, तालुका जिंतूर
आषाढ शुद्ध पंचमी, शके १८६६

चिरंजीव शिवरुद्र यास दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत, तूही तिकडे सिकंदराबादेत बरा असशील. मृग कोरडा गेला, पण आर्द्रा धरून बसलीय. सरकी टोबून झाली, काळी माती आता पाय सोडत नाही. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि ओट्यावर गप्पा मारणारे जास्त. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुर करतात, तोंड मात्र शाबूत आहे, तेव्हा तिची काळजी करू नकोस.

पत्राचं कारण, मोटारीची बॅटरी.

तू नोकरीवर जाताना जी बसवून दिली होतीस तीच अजून चालवतोय. तिला आता म्हातारपण लागलंय. खटका दाबला की इंजिन एकदा कण्हतं आणि गप्प बसतं. हँडल मारलं तर चालू होतं, पण तेही बॅटरीत थोडा जीव असेल तरच. ठिणगी तर तिच्यातूनच पडायची ना. डायनामो कधीचाच नुसता फिरतो, भरत काही नाही. म्हणजे घरातून जेवढं खाऊन निघेल तेवढ्यावरच तिनं सगळी वाट काढायची.

मी माझ्याकडून कसूर करत नाही. तारांच्या टोकांवर हिरवी-पांढरी बुरशी धरते, ती सोड्याच्या पाण्यानं धुतो, पुसतो, वर मेणतेलाचं बोट फिरवतो. विहिरीचं पाणी घालायचं नाही हे तू बजावलेलं पक्कं ध्यानात आहे. आपल्या विहिरीच्या पाण्यानं तपेल्याला खार चढतो, मग त्या शिशाच्या प्लेटींचं काय होत असेल. म्हणून हकीमसाहेबांचा अर्क काढायचा भभका मागून आणलाय. खाली चूल, वर पाणी, आणि वाफेचं पाणी थेंब थेंब बाटलीत. तुझी वहिनी पदराआड हसते. म्हणते, "लोक गुलाबाचा अर्क काढतेत, तुमी पाण्याचाच अर्क काढायलाव!"

गिरणीवाले दिनकरराव बाजारच्या दिवशी दळणासाठी इंजिन चालवतात, तेव्हा त्यांच्या दिव्याच्या डायनामोला ही जोडून देतात. "अप्पा, ही आता माळ घालायच्या कामाची राहिली," असं म्हणत म्हणत जोडून देतात. भरते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मान टाकते. फुटक्या घागरीसारखी.

तेव्हा तुझ्या कारखान्यातून एखादी बॅटरी मिळेल तर बघ. नवी नसली तरी चालेल. कुणाची उतरवलेली, पण थोडी धुगधुगी असलेली मिळाली तरी पूर्णेपर्यंत गार्डाच्या डब्यातून पाठव, मी जाऊन घेईन.

तू म्हणशील, पेट्रोल चिठ्ठीवर मिळेना, मोटार छपराखाली उभी, दादाला एवढी घाई कसली. घाई अशी की तुझी नीलम्मा बाळंतपणाला इथं आलीय. पालमहून जावई स्वतः आणून सोडून गेले. पोर चांगली आहे. भाकरी कमी खाते, चिंच जास्त खाते. रोज ओट्यावर येऊन बसते आणि मी बॅटरीची झाकणं उघडून बसलो की विचारते, "मोठे अप्पा, आज तिची तब्येत कशी हाय?" मी म्हणतो, "तुझ्यापेक्षा बरी." मग दोघंही हसतो.

हसतो खरं. पण शिवरुद्र, पोर पांढरी पडलीय. नखं दाबली तर तांबडी होत नाहीत. पहिल्या खेपेला लेकरू गेलं तेव्हा रक्त किती गेलं होतं ते मी तुला पुरतं लिहिलं नव्हतं, तू परगावी म्हणून. या वेळी परभणीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आणली. त्या म्हणाल्या, "घरी बाळंत होऊ देऊ नका. बाळ होईल नीट, पण नंतर रक्त थांबायचं नाही. पहिली कळ आली की मोटारीत घाला आणि इथं आणा. इथं माझ्या हातात इलाज आहे." आधीच आणून ठेवतो म्हटलं तर त्यांनीच नको म्हणून सांगितलं. शहरात पटकीची साथ आहे, दवाखाना त्याच रोग्यांनी भरलाय. बैलगाडीला आमच्या चिखलातून सबंध दिवस लागतो. सर्व्हिस मोटार पेट्रोल नाही म्हणून बंद आहे.

तेव्हा मी बॅटरीचं का लावून धरलंय ते तुला समजलं असेल. आपल्या लेकीला आणि परभणीला जोडणारी एवढी एकच वस्तू या घरात आहे, आणि ती रोज सकाळी कण्हते.

लवकर लिही. लवकर पाठव.

तुझा
दादा


॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

बोरी, आषाढ वद्य दशमी

चिरंजीव शिवरुद्र यास आशीर्वाद.

तुझं पत्र आणि तेजाबाची बाटली, दोन्ही पोचली. बॅटरी कुठंच नाही हे समजलं. सगळा माल लढाईवर जायलाय तर तू तरी कुठून काढशील. मनाला लावून घेऊ नकोस. तू जुनीला उठवायची जी रीत लिहिलीस ती मी वहीचं पान राखावं तशी दुकानाच्या खुंटीला टांगली आणि एकेक ओळ वाचून केली.

जुनं तेजाब चिनी मातीच्या बरणीत काढलं. त्याखाली गाळ निघाला, पूर ओसरल्यावर नदीकाठी राहतो तसा. भभक्याच्या पाण्यानं तिन्ही घरं विसळली, मग नुसतं पाणीच भरलं आणि दिनकररावांना म्हटलं, आता बाजाराच्या दिवसाची वाट बघू नका, इंजिन लावा. ते म्हणाले, "अप्पा, तेल कुठून आणू?" मी बॅटरी खाली ठेवून तिथंच उभा राहिलो. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि गड्याला हाक मारली. सलग काही दिवस गिरणी चालली. साऱ्या गावाचं दळण झालं. शेजारची कडूबाई म्हणाली, "अप्पाची बॅटरी रोज आजारी पडू दे, आमचं जातं तरी सुटंल."

तू लिहिल्याप्रमाणं वीज अगदी मंद सोडली, दूध आटवताना जाळ ठेवतात तशी. मी स्टूल टाकून शेजारीच बसत होतो. आधी काहीच नाही. मग एका दुपारी झाकणाला कान लावला तर आत बारीक फसफस, सोड्याची बाटली फोडल्यावर शेवटी शेवटी होते तसली. शिवरुद्र, माझ्या डोळ्याला पाणी आलं रे. पुन्हा पाणी काढलं, तुझं तेजाब मापानं भरलं, पुन्हा जोडली. काचेच्या पिचकारीत घेऊन बघितलं तर आतली बोंडी चांगली वर तरंगली, म्हणजे तेजाबात जोर आला. मोटारीत बसवली, दिवा लावला तर समोरची भिंत उजळली. भोंगा वाजवला तर कडूबाईची म्हैस दावं तोडून पळाली. नीलम्मा पोट धरून हसली. तुझी वहिनी ओरडली, "आवं, हसवू नगा तिला, इथंच बाळंत व्हईल!"

त्या दिवशी आमच्या घरात सण होता.

यापुढचं लिहायला हात रेंगाळतोय.

पेट्रोलच्या चिठ्ठीसाठी मला जिंतूरला जावं लागलं. तहसीलदारसाहेब दौऱ्यावर, म्हणून धर्मशाळेत मुक्काम करून वाट बघत बसलो. चिठ्ठी मिळाली, डबा भरून आणला. तेवढे दिवस बॅटरीकडं बघायचं तुझ्या वहिनीला सांगून गेलो होतो. प्लेटी उघड्या पडल्या की मेल्याच, तेव्हा रोज झाकण उघडून बघ, पाणी खाली गेलं तर भभक्याच्या बाटलीतलं घाल, असं तिला दाखवून गेलो. तिनं अगदी नीट सांभाळलं. परत आल्यावर बघतो तर तिन्ही घरं काठोकाठ. अजूनही रोज बघतो, पाणी कमी म्हणून होत नाही. ही गोष्ट तशी चांगलीच म्हणायची.

पण बोंडी खाली बसायलीय. रोज थोडी थोडी. दिवा पिवळा पडलाय. दिनकररावांकडं पुन्हा नेली, दिवसभर जोडली, तर भरल्यासारखी वाटली आणि सकाळी पुन्हा तीच कथा. पाणी भरपूर, तेजाब तुझ्या हातचं, टोकं स्वच्छ, मग ताकद जातेय कुठं? प्लेटींचंच वय झालं असेल का? तुला काही सुचलं तर कार्ड टाक. मी दुकान सोडून तिच्यापाशीच बसलेला असतो. गिऱ्हाईक हाका मारून निघून जातं.

परवा नीलम्माला न्हाणीत घेरी आली. कडूबाई जवळ होती म्हणून सावरली. आता वहिनी तिला जागची हलू देत नाही. रोज सकाळी लिंगपूजा झाली की तिच्या तोंडात तीर्थाची पळी घालते आणि मग तोंडातल्या तोंडात काय काय बोलत अंगणभर फिरते. माणसाच्या हातात जेवढं आहे तेवढं आम्ही सगळं करतोय.

वहिनीचा निरोप जसाच्या तसा लिहितो. "भावजीला लिहा, बॅटरी नसंल तर न्हाई, तुमी या. पोरगी बोलून दाखवत न्हाई, पण बापाची वाट बघायलीय." वहिनीला तू ओळखतोस. तिनं आजवर तुला एक सुपारी पाठव म्हणून सांगितलं नाही. आई गेलेली चार वर्षांची पोर तुझ्या कडेवरून घेतली तेव्हासुद्धा तुला काही मागितलं नाही. कामावरून रुखसत मागून बघ. साहेबाचे पाय धरावे लागले तर धर. मी तुझ्या वतीनं इथून धरले असते.

मला त्या बॅटरीकडून फार नको आहे. तिला म्हणतो, हवं तर पुन्हा कधी चालू नकोस. एकदा चाल, फक्त परभणीच्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत. मग मी तिची समाधी बांधीन.

तुझा
दादा


॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

बोरी, श्रावण शुद्ध द्वादशी

चिरंजीव शिवरुद्र यास,

तुझी तार मिळाली. उद्याच्या गाडीनं येतोस. हे पत्र मुंजाजी तुला परभणी स्टेशनात देईल. मुंजाजी म्हणजे आपल्या शेताला लागून ज्याचं शेत आहे तो. तू गेलास तेव्हा पोरसवदा होता, आता चांगला दांडगा झालाय. बैलगाडी त्याचीच आहे. पण तू लगेच गाडीत बसू नकोस. स्टेशनाबाहेर लिंबाखाली बस, पाणी पी, आणि हे पूर्ण वाच. मी स्वतः आलो असतो, पण घर सोडण्यासारखं नाही. का, ते पुढं येईल.

मी धाडलेल्या तारेत किती लिहिता येणार? 'नीलम्मा गेली, मुलगी झाली.' चार शब्दांत मी तुला उभं चिरलं. आता त्या दिवसाचं लिहितो. बापाला ते कळलं पाहिजे.

श्रावणातला पहिला सोमवार. पहाटे पाऊस थांबला होता आणि ऊन पडलं होतं. वहिनी पूजेला बसलेली असतानाच नीलम्मानं हाक मारली, "अव्वा, कळ आली वाटतं." वहिनीनं पूजा तशीच आवरली. मुंजाजी धावत आला. मी खटक्याला हातसुद्धा लावला नाही, जेवढी ताकद आहे तेवढी वाटेसाठी राहू दे म्हटलं. मुंजाजीनं हँडल मारलं, मारलं, आणि त्याच्या हाताची साल निघाली तेव्हा इंजिन लागलं. नीलम्माला मागं निजवली, डोकं वहिनीच्या मांडीवर. ती अव्वाला म्हणाली, "बघ, मोठ्या अप्पांची म्हातारी उठली." गावच्या बायांनी वेशीपर्यंत येऊन हात जोडले. मुंजाजी फुटबोर्डावर उभा होता.

चांगली चालली रे. चिखलातून फेसाळत, कण्हत, पण चालली. मी भोंगा वाजवला नाही, दिवा लावला नाही. नुसता इंजिनाचा आवाज ऐकत होतो, तू तापात फणफणायचास तेव्हा आई तुझा श्वास ऐकत बसायची तसा. मधे मधे ठोका चुकायचा. झरी गावाच्या अलीकडचा ओढा आला. पाणी घोट्याएवढंच. उतरलो, चढावर आलो, आणि गाडी दोन हिसके देऊन उभी राहिली.

मुंजाजी हँडलवर पडला. मी तारेचं टोक धरून बघितलं. ठिणगी नाही. एवढीसुद्धा नाही.

फळी उचलून मी बॅटरीची झाकणं काढली. मागून वहिनीनं विचारलं, "काय झालं हो?"

"काही न्हाई. पाणी बघतो."

"पाणी कसं कमी असंल? मी रोज घालते की."

"तू घालतीस?"

"तुमी जिंतूरला गेलाव तवा बाटली सपली. मग लिंगाचं तीर्थ घालायले. पोरीला एक पळी, मोटारीला एक पळी. दोघीला एकाच दिवशी उभं ऱ्हायचंय, म्हणलं दोघीलाबी बसवण्णानं हात द्यावा. तुमाला सांगितलं न्हाई, हसताव म्हणून."

छपराखालच्या अंधारात मी रोज पाणी काठाला आहे का एवढंच बघत आलो होतो, आता उन्हात नीट आत बघितलं. तेजाब ताकासारखं गढूळ झालं होतं. प्लेटींवर भस्माचा राखाडी थर बसला होता. आणि मधल्या घरात बेलाच्या पानाचा बारीक तुकडा, तेजाबानं जळून काळा झालेला, तरंगत होता.

शिवरुद्र, तुला समजावून सांगायची गरज नाही. तेजाबात विहिरीचं पाणी, भस्म गेलं की त्याचा जोर मरतो हे तूच मला शिकवलंस. ताकद जात कुठं होती ते मला त्या ओढ्यावर कळलं. पाणी का कमी होत नव्हतं तेही कळलं. रोज सकाळी, डोळे मिटून, जीव ओतून, तिनं ती आपल्या हातानं विझवली होती.

वहिनी माझ्याकडं बघत होती. तिच्या मांडीवर तुझी लेक होती. मी झाकण लावलं आणि म्हणालो, "बरं केलंस. तुझ्या तीर्थामुळंच इथवर तरी आली."

ती म्हणाली, "मग थांबली का?"

मी म्हणालो, "म्हातारी झाली होती गं."

तेवढ्यात पोरीला मोठी कळ आली. मुंजाजी शेतातून बैल आणायला पळाला. बाभळीच्या सावलीत, मोटारीच्या मागच्या गादीवर, वहिनीनं बाळंतपण केलं. असं बाळंतपण, की परभणीच्या डॉक्टरीणबाईंनीसुद्धा शाबासकी दिली असती. लेकरू पहिल्याच दमात रडलं. मुंजाजी बैल घेऊन येत होता, तो लांबूनच ओरडला, "अप्पा, भोंगा वाजला की!" नीलम्मा हसली. मुलगी बघितली, तिच्या कपाळाला बोट लावलं.

मग रक्त थांबेना.

मुंजाजीबरोबर आलेल्या शेतकऱ्यांनी दोन औतं सोडून आपले बैल मोटारीला जुंपले. लोक चिखलातून ढकलत होते. मी चाक धरून बसलो होतो आणि मोटार बैलांच्या चालीनं चालत होती. वहिनीनं आपलं लुगडं फाडून फाडून लावलं. तिच्याजवळ होतं नव्हतं ते सगळं तिनं लावलं. थोड्या वेळानं नीलम्मानं हळूच विचारलं, "मोठे अप्पा, कशी हाय तिची तब्येत?" मी मागं वळलो नाही. म्हणालो, "तुझ्यापेक्षा बरी." पुढं तिचा आवाज आला नाही. झरीची झाडं अजून दिसायची होती.

तुझ्याबद्दल बोलली का, हे तू विचारशील. आदल्या दिवशी बोलली होती. "बाबाला मुलगी झाली तर चालंल ना?" असं वहिनीला विचारत होती. तुझी पहिली नात गेली तेव्हा तू आला नाहीस, ते तिच्या मनात होतं, पण राग नव्हता.

तिला आपल्या मळ्यात, तिच्या आईच्या समाधीशेजारी बसवून माती दिली. जंगमस्वामींनी सगळं विधीनं केलं. जावई दुसऱ्या दिवशी पोचले. ते दिवसभर त्या मोटारीभोवती फिरतात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. इतका वेळ बाकीचं लिहीत राहिलो, कारण हे मागायला तोंड होत नव्हतं.

मोटार ओढून आणली तेव्हा दिनकरराव आले होते. त्यांनी झाकण काढलं, वास घेतला आणि म्हणाले, "अप्पा, ह्याच्यात काहीतरी भलतं गेलंय." मी डोळ्यानं खुणावलं, ते गप्प झाले. पण वहिनी दारात उभी होती. त्या दिवसापासून ती मला विचारतेय. रागानं नाही, रडून नाही. भाकरी थापताना हात थांबवून विचारते, "आवं, माझ्या पाण्यानं काही झालं का?" मी नाही म्हणतो. ती मान हलवते. माझं तिला खरं वाटत नाही. इतकी वर्षं संसार केला, माझा खोटेपणा तिला चालीवरून कळतो.

बॅटरी तिनं मोटारीतून काढायला लावली आणि आपल्या खाटेशेजारी ठेवून घेतलीय. मी धुवायला उचलली तर म्हणाली, "तशीच ऱ्हाऊ द्या. भावजी येतील, ते उघडून बघतील. त्यांचं हेच काम हाय आन् ते खोटं बोलत न्हाईत." विहिरीत टाकावी असंही मनात आलं. पण टाकली तर तिला उत्तर मिळालंच म्हणायचं.

ती पूजा करते. तीर्थ मात्र घेत नाही, कुणाला देतही नाही. तुळशीत ओतून टाकते.

आणि लेकराला हात लावत नाही. कडूबाईचं स्वतःचं पोर अंगावर पितं, तीच हिलाही पाजते, पण तिला तरी किती पुरणार. लेकरू रडलं की वहिनी अंगणात जाऊन उभी राहते. मी म्हटलं, घे तिला, तुझ्या नीलम्माची आहे. तर दोन्ही हात पदरात लपवून म्हणाली, "माझा हात चांगला न्हाई वाटतं. भावजी सांगू द्या, मग बघू." जावयांच्या घरी सांभाळायला बाई नाही. या घरात नीलम्माला ज्या हातांनी वाढवलं तेवढेच हात आहेत, आणि ते आता पदराखाली आहेत.

उद्या तू येशील तेव्हा ती पाणी देईल, पायांवर घालायलाही पाणी देईल, आणि मग ती बॅटरी तुझ्यापुढं ठेवेल. तू झाकण उघडशील. तुला एका नजरेत कळेल. बेलाचं पान अजून आत आहे.

लेक तुझी होती. तुला खरं कळायचा हक्क होता, म्हणून ते मी लपवलं नाही. त्या पळीची भरपाई म्हणून तू तिला एक वाकडा शब्द बोललास तर मी मधे येणार नाही. मला तेवढा अधिकार नाही. तुला राग येईल. ओढ्यावर उतर, तिथली बाभळ मुंजाजी दाखवेल, तिथं बसून तो काढ. मला शिव्या दे. तिला दाखवून गेलो आणि एक जादा बाटली भरून ठेवून गेलो नाही, म्हणून दे. देवाला द्यायच्या असतील तर त्यालाही दे. पण राग तिथंच टाक, वेशीतून आत येताना हात रिकामे घेऊन ये.

झाकण उघड, नीट वाक, हवा तेवढा वेळ बघ. ती तुझ्या तोंडाकडं बघत असेल. मग झाकण लाव आणि म्हण, "म्हातारी झाली होती, वहिनी." तू म्हणालास तर ती मानेल. तू आयुष्यात खोटं बोलला नाहीस, तेच आज माझ्या उपयोगाला यायचंय.

लेकराचं बारसं केलेलं नाही. नाव तिनं ठेवावं अशी माझी इच्छा आहे. पाळणा टांगलाय, दोरी तिच्या खाटेपर्यंत पोचेल अशी लांब सोडलीय.

तुझ्या तोंडून निघणाऱ्या त्या तीन-चार शब्दांसाठी दारात उभा असलेला,

दादा